ठाण्यात ७० लाखांत पहिलं घर: घोडबंदरचा नवा प्रोजेक्ट की रिसेल?

तुम्ही लिहिलंय की दोघांचे पगार धरून कर्ज बसतंय, हाताशी २० लाख आहेत आणि घोडबंदर रोडला बांधकाम सुरू असलेला ७० लाखांचा फ्लॅट बुक करायचाय. माझं मत: ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेला रिसेल घ्या, आणि ६५ च्या आतला.

हिशेब मांडून बघा. या रकमेच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. झाले २२ लाख ७० हजार! पार्किंग आणि आगाऊ मेंटेनन्स अजून धरलेलंच नाही. वर ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही चालू. ओसीनंतरच्या घराला जीएसटी लागत नाही. ६५ लाखांच्या रिसेलला साधारण १७ लाख ८५ हजार लागतील, उरलेल्यात दलाली आणि रंगरंगोटी भागते. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, दोघांची नावं घातलीत की ती गेली.

रिसेलमध्ये एजंट म्हणेल, "ओसीचं काम झालंय हो, फक्त कागद यायचाय." कागद आल्यावर या म्हणावं. पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करारनामे आणि शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) बघा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हेही विचारा. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी तिथेच घोडं अडतं.

आणि एक कागद सहसा कोणी मागत नाही: सोसायटीचा वार्षिक हिशेब. विकणारा सभासद असतो, त्याच्याकडे प्रत असतेच. त्यात पाण्याच्या टँकरवर किती खर्च पडलाय ते वाचा. घोडबंदरच्या बाजूला हा आकडा बघितल्याशिवाय मेंटेनन्सचा अंदाज येत नाही. मागे थकबाकीदारांची यादी असते, तीही बघा. लिफ्ट बंद का आहे ते तिथे कळतं. फ्लॅट तुमच्या नावावर करताना ट्रान्सफर प्रीमियम म्हणून सोसायटीला २५ हजारांच्या वर घेता येत नाही, 'डोनेशन' म्हणून मागितले तरी.

तरीही नवाच हवा असेल, तर ताब्याची तारीख सेल्सवाल्याच्या तोंडून ऐकू नका, महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारी राज्याची यंत्रणा) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून बघा. किंमत कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर तोला. करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. "आजच २० टक्के भरा, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ करतो," असं कोणी म्हणालं तर चहा प्या आणि निघा.