एकांकिकेतलं भावाभावांचं भांडण खोटं का वाटतं?

तुम्ही विचारलंय की तुमचे दोन भाऊ स्टेजवर दहा मिनिटं भांडतात तरी खरं वाटत नाही, काय चुकतंय. संहिता न वाचताच सांगतो, ते मुद्द्यावर भांडत असणार. घरातली माणसं मुद्द्यावर भांडत नाहीत हो. विषय जागेचा निघतो आणि तिसऱ्या वाक्याला गाडी 'बाबांच्या ऑपरेशनला तू कुठे होतास' वर येते.

मी पण अशीच एक लिहिली होती, वडील गेल्यानंतरचे दोन भाऊ. त्यात सगळं भांडण चालू असताना आई एकच चादर घडी घालत बसते, घातली की उलगडते, परत घालते, तोंडातून शब्द नाही. शेवटी धाकटा निघतो, बाहेर पाऊस, मोठा त्याच्याकडे न बघता म्हणतो, "छत्री ने." धाकटा छत्रीकडे बघतो आणि तसाच जातो. अंधार. बास.

दिग्दर्शक माझा जवळचा मित्र. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी म्हणे, लोकं अशी कोरडी घरी जाणार का, मिठी पाहिजे. मी त्याला 'अ डॉल्स हाऊस'चं सांगितलं, इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचं १८७९ चं नाटक, शेवटी नोरा नवरा-मुलांना सोडून घरातून जाते, आणि जर्मनीतल्या एका नटीने मी असली आई करणार नाही म्हटल्यावर इब्सेनने नोरा थांबते असा शेवट लिहून दिला खरा पण स्वतःच त्याला नावं ठेवली. तर हा पठ्ठ्या म्हणतो, मग शेक्सपिअरच्या किंग लिअरचं काय? मूळ नाटकात राजाची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मरते, नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ मध्ये नाटक बदलून तिला जिवंत ठेवलं, वर तिचं लग्नही ठरवलं, आणि दीडेकशे वर्षं लोकांनी तेच बघितलं की. मी गप्प. १८३८ मध्ये मॅक्रेडी या इंग्रज नटाने शेक्सपिअरचं मूळ नाटक परत आणलं हे मला घरी आल्यावर सापडलं, तोवर मिठी बसवून झाली होती, मागे व्हायोलिन. चादरही गेली, आईला रडायचं काम दिलं.

टाळ्या पडल्या, खोटं कशाला बोलू. माझा सख्खा मोठा भाऊ आला होता, बाहेर येऊन मला म्हणाला, "असं कुठे झालं होतं?" म्हणजे ओळखलं त्याने. झालं नव्हतंच. छत्री झाली होती.

तर तुमचं. परक्याशी भांडताना आपण समजावून सांगतो, घरात अर्धं वाक्य पुरतं, कुठे लागतं ते दोघांना पाठ असतं, त्यामुळे तुमचे लांब संवाद निम्मे कापा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर ठेवा, एकाला हलकट केलंत की भांडण तिथेच संपलं. हाताला काहीतरी काम द्या. आणि कृपा करून मिठी घालू नका.

म्हणजे कधीच नको असं नाही. आधी कोणीतरी माघार घेताना दिसलं असेल तर घाला, मी पण रडेन. मालिका लिहीत असाल तर माझं काहीच ऐकू नका, तिथे भांडण मिटलं तर उद्या दाखवणार काय. पण आमच्या त्या मिठीआधी माघार कोणी घेतली होती? कोणीच नाही. नुसता लाइट पिवळा केला होता.