चक्रीवादळात घरच्यांसोबत अडकल्याचा अनुभव कसा असतो? नंतरचे दिवस कसे जातात?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. बहुतेकांना पहिल्याचंच उत्तर हवं असतं. तेही सांगतो, पण आमच्याकडे वादळ चार-पाच तास होतं आणि नंतरचं अजून पुरतं संपलेलं नाही, त्यामुळे उत्तर तिकडेच झुकेल.

श्रीवर्धन तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर, आणि घरामागे वाडी, म्हणजे माड आणि पोफळींची (नारळ-सुपारीची) बाग. तारीख ३ जून २०२०, वादळ निसर्ग. मी एरवी पुण्यात असतो. त्या वर्षी मार्चमध्ये बायको आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन गावी आलो आणि लॉकडाउनमुळे तिथेच राहिलो. १ तारखेला अरबी समुद्रात ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं, २ तारखेला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ तारखेला दुपारी ते किनाऱ्यावर चढलं. म्हणजे तयारीला धड दोन दिवसही नाहीत. शाळेत जाऊन राहा असं सांगायला माणसं आली होती, पण शाळेत मुंबईहून आलेले लोक विलगीकरणात. ८३ वर्षांची आजी म्हणाली, "त्या रोगात नेऊन टाकू नका मला, घरातच बरी आहे." अण्णा, म्हणजे माझे वडील, आधीच निर्धास्त होते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा आमची दहा-बारा झाडं पडली होती. त्यांनी निसर्गचा अंदाज फयानच्या मापाने बांधला, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना विरोध केला नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला वारा चढला तो डोंगराकडून, आग्नेयेकडून. याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, वादळ समुद्रातून येतंय आणि वारा जमिनीवरून कसा? नंतर वाचलं तेव्हा कळलं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र अलिबागच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या उत्तरेला जमिनीवर आलं. त्याच्या चालीच्या दिशेने बघितलं तर आम्ही उजव्या हाताला, आणि उजवी बाजू नेहमीच वाईट, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाच्या स्वतःच्या चालीचा वेग मिळतो. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा, झोत त्याहून मोठे. दुपार झाली तसा तो फिरून नैर्ऋत्येकडून, थेट समुद्रावरून यायला लागला. सकाळी तिरक्या झालेल्या पोफळी दुपारच्या दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने कंबरेत मोडल्या. माड लवतो, पोफळ बारीक आणि उंच, ती मोडते.

घर जुनं, मातीच्या भिंतींचं आणि कौलारू. स्लॅबची एकच जागा होती: तीन वर्षांपूर्वी बांधलेलं न्हाणीघर, पाच फूट बाय सात. कौलं आधी टकटकायला लागली, कोणी माळ्यावर बसून बोटं वाजवतंय असं. मग एक ओळ उचलली गेली आणि माजघरात भसकन उजेड आला. तेवढ्यावर आम्ही सगळे न्हाणीघरात शिरलो. आजीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, लेकीला तिच्या मांडीवर. अण्णा मात्र उलट दिशेने गोठ्याकडे धावले आणि कोयत्याने गुरांची दावी कापून परत आले. गाय आणि दोन्ही वासरं वाचली ती त्यामुळेच; गोठा अर्ध्या तासात बसला.

आणि यातच तो प्रसंग. ठाण्याहून आलेला माझा चुलतभाऊ आमच्याच मागच्या पडवीत विलगीकरणात होता, चौदापैकी सहावा दिवस. पडवीचे पत्रे गेले तेव्हा तो भिजत न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडाला मास्क, डोक्यावर उलटी धरलेली घमेली, आणि विचारतो काय, "काका, येऊ का आत?" अण्णांनी त्याला दंडाला धरून आत ओढला आणि दार लावून घेतलं. त्या जागेत सात माणसं साडेतीन तास होतो. करोनाचं नाव त्यानंतर दोन दिवस कोणी काढलं नाही.

भीती प्रत्येकाची वेगळी होती, हे मला तिथे दिसलं. आई देव्हाऱ्यातल्या मूर्तींसाठी अस्वस्थ, बायकोचं सगळं लक्ष छताकडे. लेक आवाजाला घाबरली नाही, पण मोठी माणसं बोलत नाहीत याला घाबरली. अण्णा दाराला पाठ लावून बसले होते आणि मागे झाड पडल्याचा प्रत्येक आवाज आला की पुटपुटत. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत. नंतर कळलं, मोजत होते. शंभराच्या पुढे त्यांनी सोडून दिलं.

चारच्या सुमाराला बाहेर आलो. आमच्या ओटीवरून समुद्र कधी दिसत नव्हता, त्या दिवशी दिसला. २४० पोफळींपैकी १९ उभ्या. ३१ माडांपैकी १७. विहीर शोधायला लागली, इतका पालापाचोळा आणि खोडं तिच्यावर. आजी दाराशी आली, बघितलं आणि म्हणाली, "सासूबाईंनी लावलेल्या होत्या रे." एवढंच.

आता दुसरा प्रश्न.

पहिल्या रात्रीचा त्रास पावसाचा. छप्पर उघडं आणि खरा पाऊस आठवड्यावर आलेला. ताडपत्री मिळवणं हे पहिल्या दहा दिवसांतलं सगळ्यात मोठं काम. लॉकडाउनमुळे दुकानं धड उघडी नव्हती आणि मागणी अख्ख्या तालुक्याची एकदम. पुण्यातल्या बहिणीला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं. टॉवर बंद, म्हणून मी आणि चुलतभाऊ म्हसळ्याच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत चालत गेलो, वाटेत आडवी झाडं ओलांडत. ती फोनवर काही बोललीच नाही, नुसती रडली. तिकडे टीव्हीवर "मुंबईवरचं संकट टळलं" असं ऐकून ती आधी निश्चिंत झाली होती, हे मला अजूनही खुपतं.

वीज आमच्याकडे ३८ दिवसांनी आली. विजेशिवाय अंधाराचं काही वाटत नाही, पण पाणी पंपाने येतं. गावाने जनरेटर भाड्याने आणला, एकेका घराला अर्धा तास. ज्या घरात रहाट जपून ठेवलेला होता ते घर अचानक श्रीमंत झालं.

मग पंचनामे. आधी मदत हेक्टरी ठरली, फळबागेला हेक्टरी ५० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण कोकणात हेक्टर कोणाकडे आहे? आमच्या १८ गुंठ्यांचे नऊ हजार होत होते. लोकांनी ओरड केल्यावर झाडामागे हिशोब आला, माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. त्याने साडेचौदा हजार झाले. एक पोफळ वर्षाला त्या पन्नासाहून जास्त देते. शिवाय सातबारा सामाईक, त्यावर अकरा नावं, त्यातले दोघे हयात नाहीत आणि एक सुरतेला. संमतीपत्रं गोळा करण्यात दिवाळी आली. तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर माझा एकच खरा सल्ला: मेणबत्त्यांच्या आधी वारसनोंदी करून घ्या. आणि झाडांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, ती उभी असताना.

पडलेल्या खोडांचं काय करायचं हा विचार वादळाआधी कोणाच्या डोक्यात येत नाही. ती फुकटसुद्धा कोणी नेत नाही. पण माडाची खोडं कुजायला ठेवली तर त्यात गेंडा भुंगा वाढतो आणि तोच वाचलेल्या माडांचा कोंब पोखरतो. म्हणजे वादळातून जे उरलं ते वर्षभराने किड्याने जायचं. आम्ही खोडं तोडून, जाळून संपवली तेव्हा जानेवारी उजाडला होता.

अण्णा नऊ दिवस वाडीत गेले नाहीत. ओटीवर पाठ करून बसायचे. दहाव्या दिवशी कोयती घेऊन उठले आणि कोणाशी न बोलता एका कोपऱ्यातून साफ करायला लागले. त्यांना हातभार लावावा की एकटं सोडावं हे आम्हाला कळेना. शेवटी आजीने माझ्या लेकीला पाण्याचा तांब्या देऊन पाठवली, आणि ते बोलायला लागले ते तिच्याशी.

नवी लागवडही सरळ होत नाही. पोफळीच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते, उन्हात ते करपतं. एरवी एखादी म्हातारी पोफळ गेली की शेजारणीच्या सावलीत नवीन लावायची. इथे सावली द्यायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून आधी केळी लावल्या, त्यांच्या आडोशाला रोपं. मे २०२१ मध्ये तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, पण जाता जाता आमच्या केळी झोपवून गेलं. रोपं गुडघ्याएवढी, वाऱ्याला सापडलीच नाहीत. पण डोक्यावर मे महिन्याचं ऊन. पाऊस लागेपर्यंत आई आणि बायको माडाचे झाप विणून रोपांवर उभे करत होत्या.

घरावरून भांडण झालं ते छपराचं. अण्णांना सगळीकडे स्लॅब हवा होता, आजीला कौलं, आणि पैसे दोन्हीला पुरेसे नव्हते. शेवटी घर कौलारूच राहिलं आणि मधोमध एक खोली स्लॅबची झाली, बिनखिडकीची. लेक तिला वादळाची खोली म्हणते. सध्या तिच्यात तांदळाची पिंपं आहेत, सातबाऱ्याची फाइल आहे, एक रहाट आहे, आणि कोपऱ्यात ते प्लास्टिकचं स्टूल. त्यावर पिंप ठेवलेलं आजीला चालत नाही.