ब्रश धुता धुता: मे महिन्यातला सडा, उसातला बिबट्या आणि फुकट चित्र मागणारे पाहुणे

या वेळी प्रश्न भरपूर आलेत, सगळ्यांना उत्तरं देणं काही शक्य नाही, राहिलेले पुढच्या अंकात घेते. मात्र मेसेज पाठवताना चित्राचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका हो, रंगच कळत नाहीत. खिडकीपाशी धरा आणि काढा.

ताई, बऱ्याच दिवसांत तुमचं नवीन काही बघितलं नाही. सध्या काय चाललंय? पुढचं प्रदर्शन साताऱ्यात की मुंबईत? (एक वाचक, कराड)

चाललंय बरंच, दिसत नाही एवढंच. सध्या सड्यांची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या कातळांची, मालिका करतेय. कास, चाळकेवाडी, ठोसेघरच्या वरची बाजू, असे साताऱ्याच्या डोक्यावरचे सगळे सडे, आणि तेही बाराही महिन्यांतले. कासचं चित्र म्हटलं की गिऱ्हाइकाला सप्टेंबरच पाहिजे असतो, जांभळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, भिंतीवर छान दिसतं आणि विकलंही जातं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, घर त्यावरच चालतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या यादीत आलं, साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती आहेत तिथं, मग गर्दी होणारच. पण मे महिन्यात वर गेलं तर सगळा जांभा उघडा पडलेला असतो आणि तेव्हा कळतं की ही एवढी फुलं मुळात कशावर उभी असतात, जेमतेम बोटभर माती आणि खाली कातळ.

आणि त्या कातळाचा रंग बघा एकदा. जांभा म्हटलं की सगळे लाल रंगाची ट्यूब पिळतात. चिऱ्याची भिंत लाल असते, कारण तो दगड कापलेला असतो. उघड्या सड्यावरचा जांभा ऊनपाऊस खाऊन काळपट करडा झालेला असतो, वर दगडफुलाचे पांढुरके डाग, लाल दिसतो तो फक्त जिथं टवका उडालाय तिथं. मी अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, या दोघांमधूनच तो करडा काढते, काळ्या रंगाला हात लावत नाही, आणि लाल शेवटी अगदी दोनचार ठिकाणी. दुपारी बारा ते तीन काम होत नाही, सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं.

प्रदर्शनाचं म्हणाल तर दिवाळीनंतर साताऱ्यातच मांडायचं ठरतंय, तारीख पक्की झाली की इथं लिहीनच. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकलाय पण तिथं नंबर लागायला वर्षं जातात हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये, तोवर आपलं गाव आहेच की.

तुमच्या चाळकेवाडीच्या चित्रात पवनचक्क्या बघितल्या. निसर्गचित्रात त्या कशाला? डोळ्यांना खुपतात. (निवृत्त शिक्षक, पाटण)

सर, खुपतात हे खरंय. पण त्या तिथं आहेत, आणि मी वास्तववादी चित्रकार म्हणवून घेते, मग तेवढ्याच गाळून पाठीमागचा डोंगर काढायचा म्हणजे मला जरा लबाडी वाटते. मोबाइलचा टॉवर किंवा रस्त्यावरची गाडी मी गाळते, नाही असं नाही, पण पवनचक्कीची गोष्ट वेगळी आहे, तिनं त्या सड्यावरचं जगणंच बदललंय.

तिथं एक सरडा आहे, तळहातात मावेल एवढा, मातकट रंगाचा, नुसता बसला तर दगडात दिसतही नाही. पण पावसाच्या आधी एप्रिल-मेमध्ये नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो, निळी, काळी आणि केशरी. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही वेगळी जात म्हणून नोंदवली, नाव सराडा सुपर्बा, आणि तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते याच चाळकेवाडीच्या सरड्यांवरून. मग २०१८ मध्ये याच भागातलं एक संशोधन आलं, की पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी कमी फिरकतात आणि म्हणून सरडे वाढलेत, त्यांचं वागणंसुद्धा बदललंय. आता सांगा, सरड्याचं चित्र काढायचं आणि पवनचक्की नको, हे कसं जमायचं?

नव्या मालिकेतलं सगळ्यात मोठं कॅनव्हास याच विषयावर आहे. पुढं दगड, दगडावर पंखा उघडलेला नर, आणि दगडावरून जाणारी पात्याची सावली. चक्की स्वतः चित्रात नाहीच. अडलंय ते सावलीपाशी, कारण ती सारखी पळत असते, कड एकदम धारदार काढली तर ती खांबाची वाटते आणि पुसट केली तर ढगाची वाटते. सध्या एक बाजू कडक आणि एक बाजू मऊ ठेवून बघतेय. तुम्ही प्रदर्शनाला या आणि तेव्हाही खुपलं तर तोंडावर सांगा.

मॅडम, मी नेटवरचा फोटो बघून बिबट्या काढला, लाइक खूप आले पण एकानं कॉमेंट केली की हे चोरीचं आहे. आणि बिबट्या मांजरासारखा दिसतो म्हणाला. (विद्यार्थिनी, तासगाव)

पहिल्यांदा चोरीचं बघू. सरावासाठी वहीत काढलं तर कोणी विचारत नाही. पण फोटो ज्यानं काढला त्याचा त्यावर हक्क असतो, तो न विचारता हुबेहूब उतरवायचा आणि विकायचा किंवा स्पर्धेला पाठवायचा, हे बरोबर नाही, कायद्यानंही नाही. फोटोग्राफरला मेसेज करून विचारा, बरेच जण आनंदानं हो म्हणतात. नाहीतर चार ठिकाणचे संदर्भ बघून पोज, उजेड, मागची जागा स्वतःची करा.

मांजरासारखा का दिसतो ते तुझ्या चित्राचा फोटो बघून लगेच कळलं. डोळ्यातली बाहुली उभी काढलीस, चिरेसारखी. ती घरातल्या मांजराची. बिबट्याची आणि वाघाची बाहुली गोल असते. एवढं एक दुरुस्त केलंस तरी अर्धं काम झालं बघ. दुसरं म्हणजे ठिपके. तू सगळीकडे सारखेच छापलेत. पाठीवर आणि कुशीवर ते फुलासारखे असतात, कडेला काळं आणि आत थोडं गडद पिवळं, पण डोक्यावर, मानेवर आणि पायावर भरीव काळे ठिपके. आणि ते अंगावर वळतात गं, खांद्याचं हाड वर आलं की तिथले ठिपके ताणले जातात, पोटाकडे जाताना चपटे होतात. आधी ठिपक्यांशिवाय बिबट्याच्या अंगाला उठाव दे, नुसता पिवळा मातीचा असावा तसा, उजेड-सावली पक्की झाली की मगच ठिपके.

आणि तुझ्यापासून सागरेश्वर किती लांब आहे? तिथं सांबर आहेत, चितळ आहेत, काळवीट आहेत. सकाळी लवकर जाऊन स्केच कर, हलणारं जनावर काढायची सवय लागली की फोटोची गरज आपोआप कमी होते. ते नाही जमलं तर गोठ्यातली शेळी काय वाईट आहे.

जाता जाता एक. मागं कराडकडच्या एका शेतकऱ्यानं बिबट्याचं चित्र सांगितलं, म्हणाले मागं घनदाट जंगल पाहिजे. मी म्हटलं दादा तुम्ही बिबट्या बघितला कुठं, तर म्हणाले उसात. मग उसातच काढूया की! आधी तयार नव्हते, शेवटी ऊसच काढला आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच दाखवतात.

ऑइलचं पेंटिंग पावसाळ्यात वाळतच नाही, मागून बुरशी येते. काय करायचं? (एक वाचक, महाबळेश्वर)

वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ऑइल करताय, हिंमत आहे तुमची. ऑइल रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि गारठ्यात-दमटात हे सगळं हळू होतं. खालचा थर ॲक्रिलिकमध्ये उरकून घ्या आणि वर ऑइल करा, उलटं मात्र कधीच नको. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, काळा आणि टायटॅनियम व्हाइट रेंगाळतात, त्यांचे जाड थर आत्ता टाळा. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, मागून वारा फिरू द्या. आणि व्हार्निशची घाई नको, पावसाळ्यातलं काम मी उन्हाळ्याशिवाय व्हार्निश करत नाही.

एका संस्थेनं माझ्याकडून कृष्णाघाटाचं चित्र ऑर्डर देऊन करून घेतलं, नंतर न विचारता कॅलेंडरवर छापलं, नावही नाही. भांडू का? (चित्रकार, वाई)

ऑर्डर देऊन, हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही आपल्या मनानं काढलेलं चित्र विकलं तर विकत घेणाऱ्याला कॅनव्हास मिळतो, छापायचा हक्क मिळत नाही, तो तुमच्याकडेच राहतो, लेखी करून दिल्याशिवाय जात नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ असं म्हणतं की पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि करारात वेगळं काही नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा. आपल्यातल्या भल्याभल्यांना हे माहीत नसतं. त्यामुळे छापण्यावरून भांडण अवघड आहे, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. नावाचं वेगळं, कॉपीराइट विकला तरी चित्र माझं आहे हे सांगायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तेवढं ठणकावून मागा. आणि इथून पुढं ऑर्डर घेताना व्हॉट्सॲपवर तरी एक ओळ टाका आणि समोरच्याकडून ओके घ्या, की छपाईचे हक्क माझ्याकडे. लेखी करार केलात तर उत्तमच.

मुलगी दहावीत आहे, चित्रकलेतच जायचं म्हणते. जनावरं आणि डोंगर काढून पोट भरतं का? (पालक, मिरज)

माझं भरतंय, पण सुरुवातीची बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवूनच भरलं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलीय का तिनं? दिली असेल तर दहावीला मार्क मिळतात, तेवढा फायदा घ्या. पुढं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून शिक्षकीचा आधार ठेवायचा की सरळ फाइन आर्ट, हे तिच्याशी बोलून ठरवा, बारावी झाली की मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय आहे, घराजवळ सांगली-कोल्हापूरलाही सोय आहे. आणि या सुट्टीत तिला सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियममध्ये घेऊन जा. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमवलेला संग्रह आहे, रवि वर्म्यांची मूळ चित्रं तिथं हातभर अंतरावरून बघता येतात, ब्रश कुठं टेकला ते दिसतं, मोबाइलवर हे कधीच कळत नाही.

प्राण्यांची चित्रं काढून प्राण्यांचा काय फायदा? (एक वाचक, विटा)

बहुतेक वेळा काही नाही. पण १९७३ साली, आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, डेव्हिड शेफर्ड नावाच्या ब्रिटिश चित्रकारानं वाघाचं एक चित्र काढलं आणि त्याच्या प्रिंट विकून लाखभर पौंडांच्या वर रक्कम भारतातल्या वाघांसाठी उभी केली. एवढी आपली पोच नाही, तरी सडा मालिकेच्या छोट्या प्रिंट काढून त्यातला वाटा फॉरेस्टच्या वाटाड्यांच्या पोरांसाठी द्यायचा विचार आहे. वह्या आणि रंग.

ताई, पाहुणे फुकट चित्र मागतात. नाही कसं म्हणायचं? (नाव नको, सातारा)

नाव नको लिहिलंत ते बरं केलंत, पाहुणे हे मासिक वाचत असतील. मी चौरस इंचाचा दर ठरवलाय आणि तो कागदावर लिहून स्टुडिओच्या दारामागं चिकटवलाय. कोणी मागितलं की दार लावून घेते आणि म्हणते, बसा, चहा टाकते. चहा होईपर्यंत वाचून होतं. मामेसासऱ्यांनी मात्र वाचूनही मागितलंच, त्यांना दिलं, फ्रेमचे पैसे घेतले.