लाळ की स्वॅब: प्रकल्पानंतर पुढे काय?

प्रिय विद्यार्थिनी,

श्वसनमार्गाच्या विषाणूंच्या निदानासाठी लाळ अधिक उपयुक्त की नाकाघशातला स्वॅब, हा विषय तू बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी घेतला आहेस. परंतु ‘कोविड संपला, आता याला कोण विचारतो?’ असे घरी ऐकून पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरावी की विषाणूशास्त्रात एम. एस्सी. करावे, अशा पेचात तू पडली आहेस.

विषय मुळीच संपलेला नाही. २०२१ मध्ये नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने मांडलेल्या आणि आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्य केलेल्या कोविड चाचणीच्या पद्धतीत रुग्ण नळीतल्या सलाइनने गुळणी करून तेच पाणी पुन्हा नळीत सोडतो, म्हणजे स्वॅबची गरजच राहत नाही. मात्र कोविडसाठी मिळालेले उत्तर इन्फ्लुएन्झा किंवा आरएसव्हीला (बाळांना विशेष त्रास देणारा श्वसनमार्गाचा विषाणू) जसेच्या तसे लागू होत नाही, आणि तान्ह्या बाळाला तर थुंकायला सांगताच येत नाही.

खरी मेख तुलनेतच आहे. दोन्ही नमुने एकाच रुग्णाचे आणि एकाच वेळी घेतलेले हवेत. लाळ चिकट असते. पिपेटच्या (द्रव मोजून घेण्याच्या नळीच्या) टोकाशी तिची तार लोंबते आणि २०० मायक्रोलिटर म्हणून घेतलेले प्रत्यक्षात तेवढे भरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्वॅबलाच अंतिम प्रमाण मानले तर ज्याचा विषाणू फक्त लाळेत सापडला तो खराखुरा रुग्णही आकडेमोडीत आपोआप ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे चुकून बाधित दाखवलेला, ठरतो. हे ज्याला वेळीच दिसते, त्याची निदानशास्त्राला फार गरज आहे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझा कल एम. एस्सी.कडे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विद्यापीठाशी संलग्न असा विषाणूशास्त्राचा अभ्यासक्रम चालत आला आहे. यंदाच्या प्रवेशाचे नियम तिथेच विचारून घे. जोडीला जीवसांख्यिकी शिकच. घरची आर्थिक निकड असेल तर आधी नोकरी करण्यात काहीच कमीपणा नाही, मात्र खासगी लॅबमध्ये बहुधा डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका मागतात.

प्रकल्पासाठी रुग्णांचे नमुने परस्पर गोळा करू नकोस. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी आणि जैवसुरक्षेची सोय लागते. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचीच आकडेवारी घे, आणि तक्त्यात नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला होता, हा रकाना आठवणीने ठेव.