कुंडीतला चाफा: आधी पाणी थांबवा आणि खोड दाबून पाहा

दोन वर्षांचा पांढरा चाफा, थंडी सुरू झाल्यापासून पाने पिवळी पडून गळताहेत, पाणी रोज न चुकता घालता, तरी फूल एकही नाही. तुमचे म्हणणे असे आहे आणि आता खत वाढवायचे का, असा प्रश्न आहे. खत नको. आजपासून पाणीही थांबवा.

सोनचाफ्याचे सल्ले या झाडाला लावू नका. नाव सारखे असले तरी ती दोन वेगळी कुळे आहेत. सोनचाफ्याला माती ओलसर लागते. हा चाफा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागातला, कण्हेरीच्या कुळातला. कोरड्या दिवसांची बेगमी तो आपल्या जाड, मांसल फांद्यांत करून ठेवतो. थंडीत किंवा कोरड्या काळात पाने टाकून तो झोपतो. पाने नसली की पाणी ओढले जात नाही, माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. माझा पहिला चाफा मी असाच घालवला. पाने गळताना पाहून मला वाटले तहानला असेल, म्हणून पाणी वाढवले, आणि महिन्याभरात खोड बुंध्याशी काळे पडले.

तेव्हा आधी खोड बुंध्यापासून टोकापर्यंत बोटांनी दाबत जा. सगळीकडे टणक लागले तर झाड झोपले आहे, त्याला तसेच राहू द्या. साल थोडी सुरकुतली आहे पण आत टणक आहे, तर एकदा बेताचे पाणी पुरे. मात्र कुठे मऊ, पिचपिचीत लागले तर ती कूज आहे आणि ती वर सरकत जाते. अशा वेळी थांबू नका. धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या वरून काप घ्या. कापलेल्या तोंडावर मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, सुरी दर वेळी पुसून. आतला भाग स्वच्छ, पांढरट-हिरवा दिसून चीक वाहू लागला की थांबा. हा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो, म्हणून हातमोजे घाला, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा.

वाचलेली फांदी म्हणजे नवे झाडच. एक ते दीड फुटाची फांदी सावलीत, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस नुसती ठेवून द्या. कापलेले तोंड वाळून बुचासारखे कडक झाले पाहिजे. लोक इथेच घाई करतात. मग साधारण निम्मी जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) असलेल्या मातीत तीन-चार इंच खोल रोवा, काठीला बांधा, कारण फांदी हलत राहिली तर कोवळी मुळे तुटतात. एकदा पाणी द्या आणि वाट पाहा. टोकाला दोन पाने फुटली म्हणजे मुळे आली असे समजू नका, ती पाने फांदीतल्या साठ्यावरच फुटतात. पाने पुरती मोठी होऊन टिकली की मग पाणी हळूहळू वाढवा. उबदार हवेत याला दीड-दोन महिने लागतात.

आता फुलांचे. थेट ऊन रोज किमान सहा तास हवे, यात तडजोड नाही. नत्र (नायट्रोजन) जास्त असलेले खत घातले की झाड पानांनीच भरते, म्हणून वाढीच्या दिवसांत स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेले खत थोडे द्या, झोपेच्या काळात काहीच नको. कळ्यांचा तुरा फांदीच्या टोकालाच येतो, त्यामुळे झाड नीटनेटके दिसावे म्हणून टोके छाटली की तिथला पुढचा बहर गेला. तुरा येऊन गेला की त्याच टोकाला बहुधा दोन-तीन फांद्या फुटतात, झाड आपोआप डेरेदार होते. बियांपासून वाढवलेले रोप असेल तर तीन वर्षे किंवा जास्तही धीर धरावा लागतो आणि फूल आईसारखेच येईल असे नाही.

कुंडी एकदम मोठी घेऊ नका. मुळांपेक्षा फार जास्त माती म्हणजे फार काळ टिकणारा ओलावा. तळाला भोके हवीत, खाली ताटली नको.

पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग आहे. तशी पाने तोडून, गळालेलीही उचलून टाका आणि पाणी पानांवर न उडवता मातीत घाला.

नवे कोंब दिसले की पाणी पुन्हा सुरू करा, पण रोज नाही. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत भरपूर द्या.