कोंबडी बसली, आता तुम्ही उठा

होळी जवळ आली की कोंबड्या खुडूक होतात, म्हणजे अंडी द्यायची थांबवून उबवायला बसतात, आणि माझा फोन वाजायला लागतो. इंदूरच्या कडेला, राऊ-बिजलपूर-तेजाजीनगर भागात प्लॉट घेऊन चार-दहा कोंबड्या पाळणारी मराठी घरं आता बरीच झाली आहेत. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरी संपली, तरी प्रश्न काही संपत नाहीत. ते दरवर्षी तेच असतात, फक्त विचारणारे बदलतात. यंदा आलेले निवडून इथे एकदाच उत्तरं देतो. आधी एक सांगून ठेवतो. अंडी उबवायचे 21 दिवस कोंबडीचे आहेत. तुमचं काम त्याच्या आधी असतं आणि नंतर असतं. मंडळी आधी झोपलेली असतात, नंतर झोपतात, आणि मधले 21 दिवस खुराड्यात डोकं घालून बसतात.

कोंबडी दिवसभर जागेवरून हलत नाही, जवळ गेलं की फुगते. लगेच अंडी ठेवू का? (राजेंद्रनगर)

दोन रात्री थांबा. नुसती अंडं घालायला बसलेली कोंबडी दिवेलागणीला उठून दांडीवर जाते, खुडूक झालेली रात्रीही तिथेच राहते. तिच्या अंगाखाली हात घालून पाहा. पोटावरची पिसं झडलेली असतात आणि उघडी कातडी हाताला चांगलीच गरम लागते. तोवर तिच्याखाली प्लास्टिकची अंडी ठेवा. खात्री पटली की रात्री अंधारात सगळी खरी अंडी एकदम सरकवा. रोज एक-एक वाढवाल तर पिल्लंही रोज एक-एक निघतील, आणि पहिली दोन-चार चालायला लागली की आई बाकीची अंडी सोडून उठेल. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्याच टोपलीत येऊन घालून जातात. बिनखुणेचं अंडं रोज काढून घ्या.

किराणा दुकानातल्या अंड्यांतून पिल्लं निघतील का? (परदेशीपुरा)

नाही. त्या फार्मवर कोंबडा नसतो.

आमची दुकानातली नाहीत, तपकिरी गावरान अंडी आहेत. (तेच वाचक, दुसऱ्या दिवशी)

कवचाच्या रंगावरून अंडं गावरान ठरत नाही, आणि फळलेलं, म्हणजे कोंबड्यामुळे आत जीव धरलेलं, तर नाहीच नाही. फार्मच्या कोंबड्यांतही तपकिरी अंडी देणाऱ्या जाती असतात. शिवाय पांढरं अंडं रंगवून विकणारे महाभागही आहेत. ज्या घरी कळपात कोंबडा फिरताना स्वतः पाहिलात, तिथूनच अंडी घ्या.

मोबाईलवर जाहिरात पाहून कडकनाथची डझनभर अंडी मागवली. पार्सल चार दिवसांनी आलं. एकही पिल्लू निघालं नाही. विकणारा म्हणतो, तुमची कोंबडी वाईट. (राऊ)

तुमच्या कोंबडीचा काही दोष नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात चार दिवस ट्रकच्या टपात आपटत आलेल्या अंड्यांवर कुणीही बसलं असतं तरी निकाल हाच लागला असता. प्रवासात अंड्यातली हवेची पोकळी सुटते, बलक हादरतो. मागवायचीच असतील तर आल्यावर टोकदार बाजू खाली करून किमान 12 तास स्थिर ठेवायची असतात, पण हे विकणारा सांगत नाही.

जाहिरातीत अंडी काळी होती, असंही तुम्ही लिहिलंय. कडकनाथची कातडी, मांस, हाडं काळपट असतात, अंडं मात्र फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरंच असतं. काळं अंडं दाखवणारा तुम्हाला बनवतोय. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून या धंद्याला ऊत आलाय. झाबुआ काही परदेशात नाही, इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा आणि अंड्यांऐवजी लस दिलेली पिल्लंच आणा. कडकनाथ मादी स्वतः अंड्यांवर नेटानं बसेल याचा भरवसा कमी असतो, तेव्हा पुढेही उबवायला साधी देशी कोंबडीच लागेल.

अंडी साठवताना फ्रिजमध्ये ठेवावी का? किती दिवसांची चालतात? किती ठेवावी? (लोकमान्यनगर)

फ्रिजमध्ये नको, पत्र्याच्या शेडमध्येही नको. साधारण 20-21 अंशांच्या वर गेलं की फळलेल्या अंड्यातला जीव वाढायला लागतो. तुमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये 35 अंश असतात. म्हणजे तो वाढायला लागतो, पण पुरेशी ऊब नसल्यामुळे अर्धवट वाढून मरतो. तुम्ही मात्र ‘अंडं ताजं होतं’ म्हणत राहता. हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाशेजारी, टोकदार बाजू खाली करून ठेवा. धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि घाण आत शिरते. मध्यम देशी कोंबडीखाली 10 ते 12 पुरेत, उन्हाळ्यात 8-9. सगळी अंडी तिच्या पिसांखाली झाकली गेली पाहिजेत, एवढाच नियम.

विजा कडाडल्या की अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेवतात. ठेवावा का? (देवास)

नको. टोचेल.

गोल अंड्यातून कोंबडी आणि लांबट अंड्यातून कोंबडा निघतो ना? (महू)

नाही. पशुवैद्यक महाविद्यालय तुमच्याच गावात आहे, तिथे कुणालाही विचारा.

कोंबडी दोन-दोन दिवस उठत नाही, वाळत चाललीय. उचलून खायला घालू का? (सुदामानगर)

बसलेली कोंबडी वाळतेच. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणा-पाणी घेते, भला मोठा दुर्गंधी पो टाकते, मातीत लोळते आणि परत बसते. तेवढ्यानं अंडी गार पडून मरत नाहीत. दाणा-पाणी टोपलीपासून चार पावलांवर ठेवा, म्हणजे ती उठेल. दीड-दोन दिवस खरंच उठली नसेल, तर पंखांखाली अंडं अडकलेलं नाही ना ते पाहून अलगद उचला आणि दाण्याशी ठेवा. ज्वारी, मका, गहू चालेल. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य या दिवसांत लागत नाही.

पण ती वारंवार उठत असेल, अस्वस्थ असेल, तुरा फिका पडला असेल, तर दोष तिच्या स्वभावात शोधू नका, खुराड्याच्या फटीत शोधा. रात्री दहानंतर टोपलीच्या कडेनं पांढरा कागद फिरवा आणि दुमडून चोळा. कागदावर तांबडे फराटे उठले तर ते रक्त पिणारे बारीक किडे आहेत. दिवसा फटीत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात, आणि 21 दिवस एका जागी बसणारी कोंबडी त्यांना आयतीच मिळते. कोंबडी अंडी सोडते ती बहुतेक यांच्यापायी. बसवण्याआधी टोपली कडक उन्हात तापवा, तळाला कोरडी राख आणि वर स्वच्छ भुसा घाला. सोयाबीनवर फवारून उरलेलं औषध कोंबडीला चोळणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका. किड्यांवरचं औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यालाच विचारा, कारण खाली अंडी आहेत.

आत पिल्लू आहे की नाही हे कसं कळेल? (तिलकनगर)

सातव्या रात्री पुठ्ठ्याला भोक पाडून त्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि भोकावर अंडं टेकवा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला तर जीव आहे. स्वच्छ पिवळा उजेड दिसला तर अंडं फळलेलंच नाही. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेलाय, ते अंडं काढून टाका, नाहीतर सडून फुटेल आणि बाकीची बरबटतील. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका, पाण्यात तरंगवून पाहण्याचे प्रयोग तर मुळीच नकोत.

एकविसाव्या दिवशी अंड्याला चोचीनं भोक पडलं, पण सहा तास झाले तरी पिल्लू बाहेर आलं नाही. कवच सोलू का? (राऊ)

नाही! पहिल्या टवक्यापासून बाहेर यायला 24 तास लागू शकतात. त्या वेळात ते पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, आणि आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून आटत असतं. घाईनं सोललंत तर पापुद्र्यातून रक्त येतं आणि पिल्लू तुमच्या हातात मरतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पापुद्रा चिवट होतो, म्हणून शेवटचे तीन दिवस टोपलीखालची जमीन ओली ठेवा, अंडी नव्हे. 24 तास उलटूनही काहीच हालचाल नसेल तर डॉक्टरांना फोन करा. निघालेल्या पिल्लांना पहिले दोन दिवस खायची घाई नसते, पोटातला बलक पुरतो. पाण्याचं ताट उथळ हवं आणि त्यात खडे टाकलेले हवेत, नाहीतर पिल्लं बुडतात. नंतर आई आणि पिल्लं दोघांनाही पिल्लांचंच खाद्य द्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातला चुना पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतो.

घरच्या नऊ पिल्लांना लस कशाला? आमच्या आजोळी कधी कुणी दिली नव्हती. (बिजलपूर)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. आजोळी पिल्लं किती निघायची आणि दिवाळीपर्यंत किती उरायची, हे आजीला विचारलंत का? दरवर्षी ‘मर लागली’ म्हणून अख्खा वाडा रिकामा व्हायचा, त्या मरीचं नाव मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिरवी पातळ विष्ठा, तोंड उघडून घेतलेला श्वास, लुळे पंख, आणि वाचलीच तर वाकडी झालेली मान. हा विषाणू आहे आणि त्यावर औषध नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात टाकून तुम्ही फक्त पाणी रंगवता. कोंबडी आजारी पडल्यावर मला फोन येतो, ‘डॉक्टर, आता लस देता का?’ आजारी कळपाला आता लस देऊन तो वाचत नाही. घर जळाल्यावर विहीर खणून काय उपयोग?

पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा किंवा एफ स्ट्रेन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य आजाराची लस. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन आणि देवीची लस. तुमच्या भागात कुठला आजार आहे, आईला काय दिलेलं आहे, यावर तारखा मागेपुढे होतात, म्हणून वेळापत्रक पशुचिकित्सालयातून लिहून घ्या.

अडचण मलाही माहीत आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि तुमची पिल्लं नऊ. मग तीन-चार घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवा. सगळी पिल्लं एका वयाची होतील, एक कुपी एका संध्याकाळी संपेल. लस 2 ते 8 अंशांत हवी. दुकानदारानं फ्रिजमधून काढून दिली का, ते डोळ्यांनी बघा. काउंटरवरच्या डब्यातून काढून देत असेल तर तिथेच परत करा, सवलत देत असेल तरी. बर्फ घातलेल्या थर्मासमधून घरी आणा, विरघळवल्यावर दोन तासांच्या आत वापरा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका. सर्दी झालेल्या पिल्लाला देऊ नका. आणि आईची लस, जंतांचं औषध हे सगळं ती अंड्यांवर बसण्याआधी उरका. बसलेल्या कोंबडीला सुई टोचायला मला बोलावू नका.

एकाच दिवशी तीन कोंबड्या मेल्या. कचरागाडीत ओल्या कचऱ्यात टाकल्या. बरोबर ना? (खजराना)

चूक. स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर येतो म्हणून गाडीत काहीही चालतं असं नाही. 2020 च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन8 निघाला, हे इंदूरकर इतक्या लवकर विसरले? एकदम दोन-तीन पक्षी मेले तर उघड्या हातानं उचलू नका, कापू नका, शेजाऱ्याला ‘अजून ताज्या आहेत’ म्हणून देऊ नका. त्याच दिवशी पशुपालन विभागाला कळवा.

मला पिल्लं नकोत, अंडी हवीत. खुडूक मोडायला नाकात पीस खुपसतात, थंड पाण्यात बुडवतात. काय करू? (अन्नपूर्णा)

दोन्ही नको. पीस नाकात खुपसल्यानं जखम होते, बाकी काही साधत नाही. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, भुसा नको, दाणा-पाणी भरपूर द्या. खालून हवा लागून पोट गार राहिलं की खुडूकपणा उतरतो. त्यानंतर अंड्यावर यायला आणखी काही दिवस जातील. आठवड्यात उतरला नाही तर दाखवायला आणा.

कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर चालेल का? (महू)

चालेल, पण 28 दिवस लागतात, मोठ्या तुर्रेबाज मस्कोवी जातीला 35. तेवढे दिवस कोंबडी टिकेल का, हे तिचं वजन पाहून ठरवावं लागेल. आणि पिल्लं लगेच पाण्यात सोडू नका. पिसांवरचं तेल त्यांना आई बदकाच्या अंगावरून मिळतं, कोंबडीकडून मिळत नाही. सुरुवातीचे काही आठवडे फक्त चोच बुडेल एवढंच पाणी ठेवा.