समुद्रावर निघालाय? आधी तिथी बघा

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, घरात दोन पोरं आणि सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला जायचं चाललंय. मिस्टर म्हणतात कोजागिरीलाच जाऊ, चांदण्यात समुद्र भारी दिसतो. कधी जावं, आणि पोरांना पाण्यात सोडावं का?

उत्तर : चांदणं भारी दिसतं हे खरं, पण पोरं सोबत असतील तर पौर्णिमा नकोच. एक तर तेव्हा ऑक्टोबर हीट, आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, तिकडं नुसता घाम, त्यात परतीचा पाऊस कधी गडगडेल नेम नाही. आणि खरी गोष्ट भरतीची. कोकणात जुना हिशोब आहे, त्या पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारपासून पाणी उतरायला लागतं ते संध्याकाळपर्यंत. आता तुम्हीच सांगा, आपण लोक पाण्यात कधी उतरतो? चार वाजता चहा झाला की. म्हणजे नेमकं पाणी आत ओढत असतं तेव्हा, आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण असल्यानं ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी, आणि चार वाजता पाणी किनाऱ्याकडं चढत असतं. गावागणिक वेळ थोडी मागंपुढं होते, म्हणून पोचल्यावर तिथल्या कोळ्याला किंवा होमस्टेवाल्याला विचारून घ्या.

म्हणून माझं ऐकाल तर भाऊबीज घरी करा आणि कार्तिक शुद्ध षष्ठी ते नवमी असे दिवस धरा. दिवाळीची गर्दी आणि डबल झालेले रूमचे रेट तोवर जरा उतरतात, शाळेची सुट्टी तेवढी बघून घ्या. आणि दशमीच्या आत घरी परत या, कारण कार्तिकी एकादशीला आपल्या जिल्ह्यात एसटीत पाय ठेवायला जागा नसते हे तुम्हाला मी काय सांगायचं. गाडीनं जाणार असाल तर मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढं आंबा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या वर होतं, सासूबाईंना एका दमात नेऊ नका, कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शनही होईल. घाट उजेडातच उतरायचा.

पुळ्याला मात्र तिथी कुठलीही असो, पोरांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. किनारा दिसायला सपाट, पण पाण्याखालची वाळू एकदम खचते, तिथं दरवर्षी लोक बुडतात आणि त्यात पोहता येणारेही असतात. विहिरीत पोहणं वेगळं ओ. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा करा, आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी थांबवून वरूनच समुद्र बघा, पोरांना वाळूत खेकडे शोधायला लावा. दोन तास सहज जातात.

प्रश्न : सासूबाई माळकरी आहेत. कोकणात त्यांच्या खाण्याचं काय करायचं?

उत्तर : अहो, देवस्थानाचं गाव ते, शाकाहारी खानावळी भरपूर. उकडीचे मोदक, घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी, अजून काय पाहिजे! मासे तुम्ही खात असाल तर मजाच आहे, जून-जुलैची मासेमारीबंदी उठून महिने झालेले असतात, बांगडा ताजा मिळतो. फक्त सासूबाईंच्या ताटाला वेगळं भांडं मागायची लाज धरू नका, तिथल्या बायकांना सवय असते. शेंगाचटणी न्या, पण कडक भाकरी हवाबंद डब्यातच ठेवा, नाहीतर त्या दमट हवेत एका रात्रीत मऊ पडते.